गाठीचा ब्लॉक आणि पुढची पाच वर्षे

कोयनानगरहून पाटणमार्गे कराडला आलेला पेशंट पोटाच्या तक्रारीसाठी सोनोग्राफी करून घेतो आणि मूत्रपिंडातली गाठ अवचित सापडते. नेफ्रेक्टमी होते, टाके निघतात. मग तो विचारतो, "डॉक्टर, परत नाही ना येणार?"

आपण उत्तर देतो ते स्टेज, ग्रेड, नेक्रोसिस, लसिकाग्रंथी आणि आकार पाहून. २००३चा लिबोविच स्कोअर यांवरच उभा आहे. पण सारख्याच स्कोअरचे दोन पेशंट वेगळ्या वाटांनी जातात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. शस्त्रक्रियेनंतर पेम्ब्रोलिझुमॅब देता येऊ लागल्यापासून तर ते कोणाला द्यायचे, हा प्रश्न खर्चापायी शेतकरी कुटुंबाच्या जमिनीपर्यंत पोहोचतो.

म्हणून नॉन-कोडिंग, म्हणजे प्रथिन न बनवणाऱ्या, आरएनएकडे आशेने पाहिले जाते, आणि ती आशा निराधार नाही. २०१२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली पीसीए३ ही प्रोस्टेटची लघवीतली चाचणी अशाच आरएनएवर आधारलेली आहे. मूत्रपिंडाच्या बाबतीत मात्र घाई नको. क्लिअर सेल गाठीत व्हीएचएल जनुक निकामी झाले की एचआयएफ हे प्रथिन साठते आणि मिआर-२१० हे मायक्रोआरएनए वाढते. म्हणजे ते आजार आहे हे दाखवते. तो किती आक्रमक आहे हे सांगेलच असे नाही. मिआर-२०० कुटुंब घटले की पेशी एकमेकींना सोडून पसरू लागतात, ही खूण आम्हाला अधिक मोलाची वाटते. रक्तातल्या तपासणीत नमुना हिमोलाइझ झाला, तर तांबड्या पेशींतले मिआर-४५१ सगळे आकडे बिघडवते.

मूत्रपिंडाच्या गाठीत आज यांपैकी एकाही आरएनए चाचणीवर उपचार ठरवू नयेत, आणि पेशंटला तिचा खर्चही करायला लावू नये.

त्याआधी आपल्याच पेशंटची नोंद हवी. ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपानंतर कोयनेच्या जमिनीचे लहानमोठे धक्के नोंदले जात आहेत. २०१७मध्ये गोठण्याला सुमारे ३ किलोमीटर खोल बोअरही घेतले गेले. आपल्या भागातल्या गाठींची अशी सलग नोंद कुठे आहे? २०१३च्या टीसीजीए (द कॅन्सर जीनोम ॲटलस) अभ्यासात मूत्रपिंडाच्या चारशेहून अधिक गाठी तपासल्या गेल्या, पण त्यांत सह्याद्रीतला पेशंट शोधून सापडणार नाही.

मायक्रोआरएनए जेमतेम २२ न्यूक्लिओटाइडचे असल्याने पॅराफिन ब्लॉकमध्ये वर्षानुवर्षे टिकते. तेव्हा सहकाऱ्यांनो, मूत्रपिंड काढताच चिरून बफर्ड फॉर्मेलिनमध्ये ठेवा, वेळ लिहा, संमती घ्या, ब्लॉक जपा. आणि पेशंट फॉलोअपला आला नाही, तर पाच वर्षे दरवर्षी त्याला फोन करा.