एकच साचा, चार नावे

संयुक्त खाते उघडताना सगळेच हसतमुख असतात. आम्हा बँकवाल्यांना खाते मोडतानाचे चेहरे ठाऊक! उत्तर फ्रान्सच्या जुन्या कोळसापट्ट्यात फियाट आणि प्यूजो-सित्रोएन यांनी निम्म्या भागीदारीत कारखाना थाटला. १९९४ पासून तिथून एकाच साच्याच्या मिनीव्हॅन चार नावांनी निघाल्या; १९९५ पासून मालवाहू व्हॅनही. यंत्रांचा खर्च सामाईक आणि विक्रीत मात्र हेच भागीदार प्रतिस्पर्धी. हिशेब चोख होता.

२०१२ मध्ये फियाटने हिस्सा विकला. त्याच वर्षी कामगारांपुढे करार आला: नवे मॉडेल हवे, तर पगारवाढ गोठवा. भागीदार बदलतात, हमीदार मात्र कामगारच! पुढे टोयोटासाठीही तिथे व्हॅन बनू लागल्या. आणि २०२१ मध्ये ते दोघे जुने भागीदार ‘स्टेलांटिस’ नावाने पुन्हा एकाच घरात नांदू लागले.