वैमानिकाचा हात

मुलांनो, विमान यंत्रच चालवते, मग वैमानिक कशाला, असे तुम्हांला वाटते ना? ६ जुलै २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोला हवा स्वच्छ होती. धावपट्टी समोर दिसत होती. वेग यंत्र सांभाळते आहे, असे वैमानिक समजले. पण वेग फार घटला होता. विमान धावपट्टीआधीच्या भिंतीवर आदळले. तुमच्याच वयाच्या तीन मुली दगावल्या.

धावपट्टीशेजारी चार दिवे असतात. दोन पांढरे, दोन लाल दिसले, की उंची बरोबर. चारही लाल म्हणजे विमान फार खाली! एक डोळा दिव्यांवर, एक वेगावर. जमीन सुमारे ३० फुटांवर आली, की नाक हळूच उचलायचे. ही सवय मोडू नये, म्हणून चांगल्या हवेत वैमानिकांनी विमान हातानेच उतरवावे, असे मला वाटते. प्रवाशांना थोडा धक्का बसला तरी चालेल.