युद्धाला विरोध म्हणजे देशद्रोह नव्हे!

दहिवली, कर्जत, खालापूर परिसरातील विद्यार्थी-विद्यार्थिनींनो आणि पालकांनो,

कॉलेजातल्या पोरांनी युद्धाविरुद्ध फलक धरला की लगेच दरडावलं जातं, ‘आधी अभ्यास करा!’ आणि मग, ‘तुम्ही कुणाच्या बाजूचे?’ जुलै 2025 मध्ये गाझातील संहाराविरुद्ध मुंबईत निदर्शनं करू द्या, म्हणून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष उच्च न्यायालयात गेला. त्यालाही सल्ला मिळाला तो आधी आपल्या देशाचे प्रश्न पाहण्याचा!

मग आपल्याच मातीचा इतिहास काढू.

3 सप्टेंबर 1939 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी लोकप्रतिनिधींना न विचारता हिंदुस्थानला दुसऱ्या महायुद्धात ओढलं. काँग्रेसने फॅसिझमचा धिक्कार केलाच, पण सरकारलाही विचारलं, लढाई स्वातंत्र्यासाठी आहे, तर आमच्या स्वातंत्र्याचं काय? धड उत्तर मिळेना, तेव्हा काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. ऑक्टोबर 1940 मध्ये विनोबा युद्धविरोधी भाषणं करून तुरुंगात गेले. ते पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. तेव्हाची घोषणा होती, ‘ना एक पाई, ना एक भाई’. यातलं कोण हिटलरच्या बाजूचं होतं?

बेचाळीसच्या ‘चले जाव’ आंदोलनात विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. 9 सप्टेंबरला नंदुरबारात 15 वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. इकडे माथेरानच्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. सरकारदप्तरी ते तेव्हा गुन्हेगारच होते.

अमेरिकेतही 4 मे 1970 रोजी केंट स्टेट विद्यापीठात व्हिएतनाम युद्धाविरोधातल्या निदर्शनांवर गोळीबार होऊन चार विद्यार्थी मेले. पुढे 1995 साली, ते युद्ध चालवणारे माजी संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनीच पुस्तक लिहून ‘आम्ही चुकलो’ अशी कबुली दिली. पोरांना जे वेळेवर कळलं, ते मंत्र्याला कबूल करायला पंचवीस वर्षं लागली!

दरसाल 2 जानेवारीला हुतात्म्यांना हार घालायचे आणि 3 जानेवारीला प्रश्न विचारणाऱ्या पोरांना देशद्रोही ठरवायचं, हा दुटप्पीपणा आता बंद झाला पाहिजे.

विद्यार्थ्यांनो, वाचा, वाद घाला, निर्भयपणे आणि शांततेने बोला. प्राध्यापकांनो, त्यासाठी वर्गाची दारं उघडा. पालकांनो, पोरांना गप्प बसवू नका. त्यांच्या सभेला या, पटलं नाही तर तिथेच खोडून काढा!

आपले,
दहिवलीतील काही विद्यार्थी