जाऊबाईंची भूक आणि आपली ऊनोदरी

धाकट्या जावेचं वजन कमी करायचं ऑपरेशन नाशिकला झालं आणि विश्रांतीला ती हरसूलला माझ्याकडे आली. पोटाची आता केळ्याएवढी नळी. पहिले दोन आठवडे नुसतं पातळ: मुगाचं गाळलेलं पाणी, पातळ ताक, उकळून निवलेलं पाणी घोटघोट.

भूक जागवणारं संप्रेरक जिथे जास्त तयार होतं, तोच भाग काढलेला. तरी चार वाजता माझ्या फोडणीचा वास आला की तिच्या डोळ्यांत पाणी. मी बी.कॉम. (सवय जात नाही), वहीत वेळा लिहायला लावल्या. बरीचशी भूक निघाली तहान किंवा आम्लपित्ताची, काही नुसती जिभेची. उरलेली खरी. तिला डॉक्टरांनी सांगितलेली प्रोटीन पावडर. अंडी आपल्यात नाहीत, मग ती टाळून कसं चालेल?

भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, "आयती ऊनोदरी घडतेय, चोविहारही कर." मला हे पटत नाही. ऊनोदरी म्हणजे खाता येत असताना मनाने दोन घास कमी घेणं. इथे पोटच मावून घेत नाही. रात्रभर पाणी बंद ठेवलं, तर सकाळी तिला गटागट पिऊन ती तूट भरता येत नाही. पच्चक्खाणात आगार ठेवलेत ते कशासाठी?

महाराजसाहेबांना विचारून तिने तूर्त तिविहार धरला. मुगाचं पाणी सूर्यास्ताआधी, साधं पाणी रात्रीही. आणि चारची फोडणी मी सकाळीच उरकते.