मेंदूची इजा आणि भरपाईचे गणित

कामावर असताना कामगाराचा एक अंगठा तुटला तर त्याची कमाईची शक्ती ३० टक्क्यांनी घटली असे समजावे; एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत राहिला तर ४० टक्क्यांनी; दोन्ही हात गेले तर पूर्ण १०० टक्क्यांनी. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या, पुढे वेळोवेळी दुरुस्त झालेल्या परिशिष्टात असा तपशीलवार हिशेब दिलेला होता. हाताच्या बोटांच्या पेरांपासून पायाच्या करंगळीपर्यंत प्रत्येक अवयवाची किंमत त्यात ठरविलेली आढळते. नाही तो फक्त मेंदू. मचाणावरून पडलेल्या गवंड्याच्या डोक्याला मार बसून त्याची स्मृती गेली, तर किती टक्के धरावेत याचे उत्तर त्या परिशिष्टात नव्हते. ते डॉक्टरांच्या अंदाजावर सोडलेले होते.

ही एका जुन्या कायद्यातील उणीव म्हणून सोडून देता आली असती. परंतु तीच दृष्टी पुढेही कायम राहिली आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. त्या यादीत आघाताने झालेल्या मेंदूच्या इजेला स्वतंत्र स्थान नाही. २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने दहीहंडीच्या थरांवरून पडणाऱ्या गोविंदांसाठी साहाय्य जाहीर केले, त्याचीही भाषा अवयवांचीच होती. दोन्ही डोळे, दोन्ही हात वा दोन्ही पाय गेल्यास साडेसात लाख आणि एक अवयव गेल्यास पाच लाख, असा तो हिशेब. जे डोळ्यांना दिसते तेच मोजावयाचे, या सवयीचा सर्वांत मोठा फटका ज्यांची इजा कवटीच्या आत दडलेली असते त्यांना बसतो.

न दिसणारी इजा

मेंदू हा कवटीच्या आत द्रवात तरंगणारा, अत्यंत मऊ असा अवयव आहे. वेगात असलेले डोके रस्त्यावर आदळते तेव्हा कवटी थांबते, पण आतील मेंदू थांबत नाही. तो एका बाजूस आपटतो, मागे फेकला जातो, पिळवटला जातो. कधी रक्तवाहिनी फुटून रक्त साकळते आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. कधी रक्तस्राव नाममात्र असतो, पण मेंदूतील लांब तंतू जागोजागी ताणले व तुटले जातात. या दुसऱ्या प्रकारात सीटी स्कॅनचे चित्र जवळजवळ स्वच्छ दिसू शकते. रुग्णाची शुद्ध किती आहे हे ३ ते १५ या अंकांत मोजण्याची ग्लासगो येथील पद्धत १९७४ पासून जगभर रूढ झाली आहे. परंतु ती पहिल्या तासांचे गांभीर्य सांगते, पुढील आयुष्याचे नव्हे.

ते पुढील आयुष्य घरी गेल्यावर कळू लागते. चालता येते, बोलता येते, नाव-गाव सांगता येते. पण सकाळी काय ठरले ते दुपारी आठवत नाही. दोन कामे एका वेळी जमत नाहीत. शांत स्वभावाचा माणूस क्षुल्लक कारणाने संतापतो, किंवा कशातच रस न घेता दिवसभर बसून राहतो. शेजारी म्हणतात, 'बरा झाला की आता.' मालक चार-सहा महिने वाट पाहतो आणि दुसरा माणूस ठेवतो. विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत विचारतो, 'तुम्ही न्यायालयात स्वतः चालत आलात ना?'

अशा इजांचा सर्वांत मोठा उगम रस्ता हा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार अपघात झाले. १ लाख ६८ हजार माणसे दगावली आणि ४ लाख ४३ हजार जखमी झाली. मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होते आणि ५० हजार जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. चांगले हेल्मेट डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी करते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे. तरीही २०१९ साली पुण्यासारख्या सुशिक्षित म्हणविणाऱ्या शहरात हेल्मेटसक्तीविरुद्ध आंदोलने झाली. रस्त्याखालोखाल येते ते उंचीवरून पडणे: बांधकामाच्या परातीवरून, कोकणात आंब्याच्या वा नारळाच्या झाडावरून, आणि वृद्धांच्या बाबतीत न्हाणीघराच्या ओल्या फरशीवरून.

टक्केवारीचा घोळ

पडणाऱ्या म्हाताऱ्याला दावा कोणावर लावावा हा प्रश्नच असतो. रस्त्यावरील अपघाताचे तसे नाही. त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे, १९५६ च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र दावा न्यायाधिकरणांची तरतूद आहे आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने 'न्याय्य भरपाई' देण्याचा आदेश दिलेला आहे. ही न्याय्य भरपाई काढण्याची रीतही सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निवाड्यांनी बरीचशी निश्चित केली. वार्षिक उत्पन्न घ्यावयाचे, त्यात भविष्यातील वाढ मिळवावयाची आणि वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे.

कल्पना करावी की तीस वर्षांचा एक सुतार महिना १५ हजार रुपये मिळवितो. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार. त्यात ४० टक्के वाढ मिळविली की २ लाख ५२ हजार. त्याच्या वयाचा गुणक १७. कमाईची शक्ती पूर्णपणे गेली असे ठरल्यास रक्कम होते ४२ लाख ८४ हजार. वैद्यकीय दाखल्यावर '४० टक्के कायम अपंगत्व' असे लिहिलेले असेल आणि न्यायाधिकरणाने तोच आकडा जसाच्या तसा उचलला, तर रक्कम होते १७ लाख १३ हजार ६००. माणूस तोच, इजा तीच. दाखल्यावरील एका आकड्याने पंचवीस लाखांहून अधिक फरक पडतो. तो सुतार मोजमाप लक्षात ठेवू शकत नसेल आणि चालत्या करवतीपुढे त्याचे भान हरपत असेल, तर त्याची ४० टक्के सुतारकी गेली नसून सगळीच गेली आहे.

सर्वोच्च न्यायालयाने हे ओळखलेले आहे. शरीराचे अपंगत्व आणि कमाईच्या शक्तीचा ऱ्हास या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे २०१० च्या निवाड्यात स्पष्ट केले गेले. डावा हात गेलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. तोच हात गेलेल्या सुताराचा वा चालकाचा व्यवसाय बुडतो, असा दाखला त्यात दिलेला आहे. तत्त्व निःसंशय आहे. अडचण पुराव्याची आहे. स्मृती, एकाग्रता आणि निर्णयशक्ती यांची रीतसर चाचणी घेणारे तज्ज्ञ प्रामुख्याने मोठ्या शहरांतच आढळतात. तालुक्याच्या गावातील जखमी माणूस अस्थितज्ज्ञाचा दाखला घेऊन उभा राहतो आणि त्या दाखल्यात मोडलेल्या मांडीची टक्केवारी असते, बिघडलेल्या मेंदूची नसते. त्यातच २०१९ च्या दुरुस्तीने दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत पुन्हा आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती अमलात आली. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, हे योग्यच झाले. ज्या इजेचे खरे स्वरूप वर्ष-दोन वर्षांनी उमगते, तिच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत घालणे म्हणजे पीक हाती येण्यापूर्वीच आणेवारी लावण्यासारखे आहे.

घरातील शुश्रूषा

परंतु यापेक्षाही मोठी चूक हिशेबाच्या मुळाशी आहे. भरपाई मोजताना प्रथम विचारले जाते ते 'किती कमवीत होता?' मेंदूच्या इजेत मात्र गेलेल्या कमाईइतकाच, किंबहुना तिच्याहून मोठा खर्च शुश्रूषेचा असतो. रुग्णाला भरवावे लागते, फिरवावे लागते, रात्री उठून पाहावे लागते, रस्त्यावर एकटे जाऊ न देता सोबत करावी लागते. हे काम बहुधा आई किंवा बायको करते. त्यासाठी ती आपली मजुरी वा नोकरी सोडते आणि त्याची पावती कोणाकडेच नसते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-उपयोग पाहणीत, घरातील बिनमोलाचे काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवितात आणि पुरुष ९७ मिनिटे, असे दिसून आले. हे सर्वसाधारण घरातील प्रमाण झाले. जखमी माणसाच्या घरात काय होत असेल याची कल्पना केलेली बरी.

कायद्याने या श्रमाला दिलेली किंमत लाजिरवाणी होती. १९९४ मध्ये कायद्यात घातलेल्या परिशिष्टाने उत्पन्न नसलेल्या व्यक्तीचे मानीव उत्पन्न वर्षाला १५ हजार धरले आणि महागाई कितीतरी पटींनी वाढूनही तो आकडा दोन दशकांहून अधिक काळ बदलला नाही. गृहिणीच्या श्रमाला खरे आर्थिक मूल्य आहे, हे न्यायालयांना २००१ पासून २०२१ पर्यंत पुनःपुन्हा सांगावे लागले.

या दृष्टीने सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२० मधील एक निवाडा मार्गदर्शक आहे. हरियाणात २००७ साली ट्रॅक्टरला ट्रकची धडक बसून बारा वर्षांच्या एका मुलीच्या मेंदूला गंभीर इजा झाली; तिची सामाजिक जाण नऊ महिन्यांच्या बालकाइतकी उरली. न्यायाधिकरणाने दिलेली सुमारे ११ लाखांची भरपाई अखेर ६२ लाख २७ हजारांवर गेली. त्यात दोन मदतनिसांचा दरमहा १० हजारांचा खर्च १८ या गुणकाने गुणून २१ लाख ६० हजार रुपये निव्वळ शुश्रूषेसाठी देण्यात आले. मूल कमवीत नव्हते म्हणून त्याची काळजीही स्वस्त, हा विचार न्यायालयाने नाकारला.

तरीही अर्थशास्त्राच्या कसोटीवर हा हिशेब अपुरा आहे. १८ चा गुणक पन्नास वर्षांच्या शुश्रूषेला पुरावयाचा तर ठेवीवरील व्याज महागाईपेक्षा बरेच अधिक हवे. महागाई वजा जाता व्याज २ टक्के उरले, तर पन्नास वर्षांच्या खर्चासाठी वार्षिक खर्चाच्या सुमारे ३१ पट रक्कम हाती असावी लागते, म्हणजे २१ लाखांच्या जागी ३७ लाखांहून अधिक. रुग्णाचे आयुर्मान कमी धरले तर हा आकडा उतरेल. पण मग आई-वडिलांनी आपल्या लेकराच्या लवकर मरणावर हिशेब बसवावा असे म्हणावे लागेल.

काय करावयास हवे

यावर उपाय नाहीत असे नाही. पहिला, मेंदूच्या गंभीर इजेच्या दाव्यात अंतरिम रक्कम ताबडतोब द्यावी आणि अंतिम मूल्यमापन प्रकृती स्थिरावल्यावर करावे. दुसरा, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात स्मृती व वर्तन यांची चाचणी घेण्याची सोय व्हावी आणि २१ प्रकारांच्या यादीत या इजेला स्थान मिळावे. तिसरा व सर्वांत महत्त्वाचा उपाय असा, की शुश्रूषेची भरपाई एकरकमी न देता हयातभर, ठरावीक काळाने आणि वाढत्या मजुरीच्या प्रमाणात द्यावी. इंग्लंडमधील न्यायालयांना २००५ पासून असा आदेश देण्याचा अधिकार आहे आणि २००८ पासून तेथे ही रक्कम शुश्रूषकांच्या वेतनाच्या निर्देशांकाशी जोडली जाऊ लागली. रुग्ण किती वर्षे जगेल याची पैज मग कोणालाच लावावी लागत नाही.

विम्याचे हप्ते त्यामुळे वाढतील असा आक्षेप घेतला जाईल. ते वाढतील हे खरे. पण तो खर्च नव्याने निर्माण होणार नाही. तो आजही होतोच आहे. फरक एवढाच, की आज तो जखमी माणसाची आई आणि बायको आपल्या झोपेतून व मजुरीतून भरत आहेत. लाखो वाहनमालकांवर थोडा थोडा पडणारा बोजा एका घराच्या चुलीशी आणून टाकणे ही काटकसर नव्हे, अन्याय आहे. तुटलेल्या अंगठ्याची किंमत ठरविणाऱ्या कायद्याने आता मेंदूच्या इजेचा आणि त्या माणसाच्या उशाशी वर्षानुवर्षे बसून राहणाऱ्या बाईचाही हिशेब मांडावयास हवा.