गाणी आत गेली, पण बाहेर येतील का?

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंग शिकतो. गेल्या सुट्टीत सोलापूरला आला तेव्हा त्याच्या खिशात एक जुना आयपॉड होता. पांढरा, ३० जीबीचा, २००५ सालचं मॉडेल. अ‍ॅपलने मे २०२२ मध्ये आयपॉडचं उत्पादन कायमचं थांबवल्याचं जाहीर केलं आणि तेव्हापासून या पोरांना जुने आयपॉड शोधून घ्यायची हौस लागली आहे. चहा पिता पिता तो मला म्हणाला, "मामू, इसमें परनानी के गीतां डाल को देव ना."

मी पटकन हो म्हणालो नाही. त्याला वाटलं, मामूला कॉम्प्युटरचा कंटाळा आला. कंटाळा नव्हता. त्या ११ गाण्यांच्या बाबतीत मी जरा घाबरट झालो आहे आणि त्याचं कारण सांगायचं तर या खिशातल्या वाजणाऱ्या डब्यांची सगळी कहाणी सांगावी लागते.

माझी नानी लग्नघरात ढोलकीवर गायची. हळदीची, मेहंदीची, रुखसतीची गाणी. भाषा आपली दखनी. विजापूरच्या सूफींनी बायकांना जात्यावर म्हणता यावेत म्हणून दखनीत चक्कीनामे रचले होते, असं अभ्यासकांनी लिहून ठेवलं आहे. विजापूर इथून शंभरेक किलोमीटर. नानीची गाणी तिथून आली की आणखी कुठून, याची आमच्या घरात कुणी चौकशी केली नाही. १९९४ मध्ये एका लग्नात अब्बांनी टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन तिची १४ गाणी ६० मिनिटांच्या कॅसेटवर घेतली. नानीला त्या यंत्रावर अजिबात विश्वास नव्हता. "मेरे गीतां डिब्बे में बैठते क्या रे?" असं तिचं म्हणणं कॅसेटच्या सुरुवातीलाच ऐकू येतं.

२००६ मध्ये मी ती कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरच्या लाइन-इनमध्ये घातली आणि ऑडासिटी नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड केलं. एका तासाच्या कॅसेटला एक तासच लागतो, घाई चालत नाही. त्यात त्या काळचं लोडशेडिंग! दोनदा अर्ध्यावर वीज गेली. तासाभराची मूळ फाइल ६०० एमबीच्या घरात जाते. एमपीथ्री केली की साधारण मिनिटाला एक एमबी. हे मला त्या वेळी जादूसारखं वाटलं होतं.

त्याच वर्षी मी नवी पेठेतून एक चिनी प्लेअर घेतला. त्याच्यावर कंपनीचं नावसुद्धा धड नव्हतं. ५१२ एमबी जागा आणि एक बारीक पेन्सिल सेल. यूएसबीला लावला की कॉम्प्युटरवर पेन ड्राइव्हसारखा दिसायचा. फाइल उचला, टाका, काढा. सॉफ्टवेअर कुठलंच नाही. त्याच वेळी माझ्या एका मित्राकडे आयपॉड होता, दुसऱ्याच्या भावाने सौदीहून सोनीचा वॉकमन आणला होता. आम्ही तिघे पार्क चौकात बसून तासन् तास भांडायचो. आवाज कुणाचा चांगला, बॅटरी कुणाची जास्त. आज वाटतं, आमचं भांडणच चुकीच्या मुद्द्यावर होतं. खरा फरक डब्यात नव्हता, डब्याच्या दारात होता. गाणं आत कसं जातं, आणि मुख्य म्हणजे बाहेर येतं का.

आवाजात सोनी सरस होता, हे मी कबूल करतो. पण सोनीच्या त्या प्लेअर्सना सोनिकस्टेज नावाचं सॉफ्टवेअर लागायचं. सोनीची अ‍ॅट्रॅक नावाची स्वतःची पद्धत होती. सुरुवातीच्या प्लेअरमध्ये तुमची साधी एमपीथ्री आधी अ‍ॅट्रॅकमध्ये बदलावी लागे. २००४ नंतर एमपीथ्री थेट वाजू लागली, तरी दार सोनिकस्टेजचंच राहिलं. आधीच्या आवृत्त्यांत तर एक गाणं फक्त तीन वेळा प्लेअरवर 'चेक आउट' करता यायचं, वाचनालयातून पुस्तक न्यावं तसं. गाणं तुमचं, कॉम्प्युटर तुमचा, प्लेअरचे पैसे तुम्ही दिलेले आणि मोजणी मात्र कंपनी करणार. ज्या सोनीने १९७९ मध्ये वॉकमन काढून संगीत लोकांच्या कमरेला लावलं, त्याच सोनीला पुढच्या पिढीत आपल्याच ग्राहकावर संशय आला. २००७ पासून त्यांनी हे जोखड हळूहळू उतरवलं, पण तोवर बाजार हातचा गेला होता.

आयपॉडचं तसं नव्हतं. आयट्यून्स सुंदर होतं, हे न मानणं म्हणजे खोटं बोलणं. सीडी घातली की गाणी आत, गायकाच्या नावाने लावलेली, अल्बमप्रमाणे लावलेली. तिलावतीच्या बाबतीत तर आयट्यून्सने माझ्या चिनी डब्याला साफ हरवलं. कुरआनच्या ११४ सूरा मी त्या डब्यात टाकल्या, तर १ नंतर १० वाजायची आणि मग १००. नावं ००१, ००२ अशी बदलली तरी तो कधी कधी ज्या क्रमाने कॉपी केल्या त्याच क्रमाने वाजवायचा. आयट्यून्समध्ये ट्रॅक नंबर टाकला की क्रम पक्का. पण त्याच आयपॉडवर शफल लावलं की रफींच्या गाण्यानंतर एकदम सूरह यासीन सुरू व्हायची. आमचा तो मित्र भर रस्त्यात दचकून कानातली वायर ओढायचा. 'शफल करताना वगळा' अशी खूण प्रत्येक ट्रॅकला करायची सोय होती, पण ती कुठे तरी आत दडलेली. चिनी डब्यात तिलावत एका फोल्डरमध्ये, गाणी दुसऱ्या. विषय संपला. (संगीत जायज की नाजायज, हा वाद मी इथे उघडणार नाही. तो वाद घालणाऱ्यांच्या मेमरी कार्डात काय काय असतं, हे मोबाइलच्या दुकानदारांना विचारा.)

आता दाराची गोष्ट. आयपॉडमध्ये गेलेली गाणी एका लपवलेल्या फोल्डरमध्ये जातात आणि त्यांची नावं बदलून चार अक्षरांची निरर्थक नावं होतात. आयपॉड दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला की आयट्यून्स विचारतं, हा दुसऱ्या लायब्ररीशी जोडलेला आहे, पुसून नव्याने भरू का? रस्ता एकेरी. कॉम्प्युटरकडून आयपॉडकडे. २००६ मध्ये त्यांनी उलट्या दिशेनेही गाणी घ्यायची सोय दिली, पण फक्त त्यांच्या आयट्यून्स स्टोअरमधून विकत घेतलेल्या गाण्यांसाठी. आणि ते स्टोअर अमेरिकेत २००३ मध्ये उघडलं असलं तरी भारतात यायला डिसेंबर २०१२ उजाडलं. म्हणजे साडेनऊ वर्षं आपण अशा दुकानाचं कुलूप सांभाळत होतो, ज्या दुकानात आपल्याला शिरायचीच परवानगी नव्हती.

ही कुलपं कशासाठी होती, तर चोरी थांबवण्यासाठी. चोरी होत होती, त्यात वाद नाही. विजापूर वेशीतल्या मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड दिलं की दुकानदार पन्नास रुपयांत पाचशे गाणी भरून द्यायचा. त्यातला एक पैसाही गायकाला, संगीतकाराला मिळत नव्हता. यंत्रमागावर काम करणारी पोरं तेच कार्ड मोबाइलमध्ये घालून मागांच्या खडखडाटात दिवसभर ऐकायची. मी त्याचं समर्थन करत नाही. पण कुलपांनी ही चोरी थांबली का? दुकानदाराने तर सोनिकस्टेजचं तोंडही पाहिलं नव्हतं. कुलपाचा त्रास झाला तो सरळमार्गाने विकत घेणाऱ्यालाच. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये झून नावाचा प्लेअर काढला, तेव्हा त्यांच्याच 'प्लेज फॉर शुअर' योजनेखाली लोकांनी विकत घेतलेली गाणी त्यावर वाजेनात. नाव काय, तर 'नक्की वाजणार'! २००८ मध्ये त्यांनी जुन्या दुकानाचे परवाना-सर्व्हर बंद करायची घोषणा केली, आणि लोक चिडल्यावर मुदत वाढवली. २००९ मध्ये अ‍ॅपलनेही विकत दिलेल्या गाण्यांवरचं कुलूप काढून टाकलं.

शिवाय हे सगळं ज्यांनी घडवलं, त्यांच्या डोळ्यांसमोर आपण नव्हतोच. एमपीथ्री फाइलला गाण्याची माहिती चिकटवायची जी पहिली पद्धत आली, तिच्यात नावासाठी ३० अक्षरं आणि गाण्याच्या प्रकारांची ८० नावांची ठरलेली यादी. त्या यादीत पोल्का आहे. कव्वाली नाही, पोवाडा नाही. बार्शीचे शाहीर अमर शेख कुठे ठेवायचे? एकाच आवाजात भक्तिगीत, भीमगीत आणि कव्वाली गाणारे प्रल्हाद शिंदे कुठल्या खणात घालायचे? आपण मराठी मुसलमानांनी आपली जागा समजावून सांगण्यात आयुष्यं घालवली, १९९० मध्ये याच सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरवलं, आणि इथे एका सॉफ्टवेअरची यादी पुन्हा तोच प्रश्न विचारते, तुम्ही नक्की कुठले? मी नानीच्या गाण्यांना देवनागरीत नावं दिली, तर चिनी डब्याच्या पडद्यावर नुसते चौकोन आले. तेव्हा रोमन अक्षरात 'नानी १', 'नानी २' असं लिहून मोकळा झालो. त्या बाबतीत फुकटचा डबाही शहाणा नव्हता.

२०११ मध्ये माझ्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. दुकानदाराने हात वर केले. कॅसेट शोधली, तर पावसाळ्यात तिला बुरशी धरली होती. टेपमध्ये घातली तशी फीत आत अडकून तुटली. नानी त्याच्या आधीच अल्लाहला प्यारी झाली होती. दोन दिवस मी कुणाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी कपाटातला तो चिनी प्लेअर आठवला. सेल गळून आत हिरवी घाण झाली होती, ती पुसली. यूएसबीला लावला, ड्राइव्ह दिसला आणि नानीच्या फाइली होत्या तशा समोर आल्या. उचलून नव्या कॉम्प्युटरवर टाकल्या. ना पासवर्ड, ना लायब्ररी, ना 'पुसून टाकू का' हा प्रश्न.

फक्त ११. कारण ५१२ एमबीमध्ये जागा पुरेना तेव्हा मीच १४ पैकी तीन काढून टाकली होती. त्यांच्या जागी तेव्हाच्या कुठल्या तरी सिनेमाची गाणी भरली होती. त्या सिनेमाचं नावही आता आठवत नाही.

तेव्हापासून माझं मत ठरलेलं आहे. कुठलाही प्लेअर घ्या, महागडा घ्या, स्वस्त घ्या, पण कॉम्प्युटरला लावल्यावर तो साधा ड्राइव्ह म्हणून दिसतो का ते आधी पाहा. आजकालच्या मोबाइलवरच्या गाण्यांच्या अ‍ॅपबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. रफी, लता ऐकायला अ‍ॅप उत्तम. ती गाणी उद्या तिथून गेली तर दुसरीकडे मिळतील. घरातला आवाज मात्र तिथे ठेवू नका. तो दुसरीकडे मिळत नाही.

भाच्याला हे सगळं सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "मामू, तुम पुराने जमाने के है." मग त्याने आयपॉडवर रॉकबॉक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर घातलं. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेलं. कंपनीच्या कार्यप्रणालीऐवजी हे चालतं आणि मग आयपॉड सरळ फोल्डर वाचतो, आयट्यून्स लागत नाही. वीस वर्षांनी त्या सुंदर डब्याला चिनी डब्याची अक्कल आली. चक्राकार बटणावर बोट फिरवताना मलाही मजा आली, नाही कशाला म्हणू?

आपाला, म्हणजे त्याच्या आईला, आम्ही गाणी ऐकवली. दुसऱ्याच गाण्याला ती म्हणाली, "ये उल्टा लगाया रे तुमने. पहले हल्दी का, बाद में मेहंदी का." त्या चिनी डब्याने क्रम कधीच विस्कटून टाकला होता आणि इतकी वर्षं मी तसाच ऐकत होतो. मग ती सांगत गेली आणि आम्ही फाइलींना नंबर देत गेलो. भाचा सलग १ ते ११ लिहायला निघाला होता. आपाने त्याला थांबवलं. चौथं, नववं आणि बारावं ज्या ठिकाणी यायचं ते तिला आठवत होतं. ते नंबर आम्ही रिकामे सोडले आहेत.