दोष एकट्या पावसाचा?

चाळीत पाणी शिरले की आपण पावसाला बोल लावून मोकळे होतो. पाऊस लहरी खराच! २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर कोसळला, कुलाब्याला जेमतेम ७३. पण मिठीचा पूर एकट्या आभाळाने आणला नाही. विहार-पवई तलावांचे ओसंडलेले पाणी ही नदी माहीमच्या खाडीला नेते. पूर्वी वाटेतली शेते नि खाजणे ते जिरवीत, थोपवीत. तिथे भराव पडले, इमारती उठल्या. विमानतळापाशी नदीला काटकोनात वळावे लागले. आता सर पडताच पाणी पात्रात धावते, आणि भरती असली की खाडी ते घेत नाही. आपण नदीला नाला म्हणू लागलो, मंडळी. पाण्याला ते ठाऊक नाही!